निळं ठेवायचं की स्टेनलेस

२१ सप्टें., शनिवार

सकाळी ह्यांनी कपाटातून रिव्हॉल्वर काढलं. दसऱ्याआधी तेलाचा हात फिरवायला, वर्षातून एकदा. जेवणाच्या टेबलावर जुना पेपर, पेपरवर ते, आणि चष्मा कपाळावर चढवून बसलेले हे. मामंजींचं आहे. घरात त्याला रिव्हॉल्वर कुणी म्हणत नाही. सासूबाईंनी पाडलेलं नाव ‘वस्तू’, तेच चालतं. गावाकडच्या शेतावर जाता-येता जवळ असावी म्हणून मामंजींनी घेतली. उभ्या जन्मात एकदाच उडवली, नारळावर. नारळ वाचला.

नळीवर, मुठीच्या जरा पुढे, तपकिरी डाग. बोटाच्या टोकाएवढा. बाकी लोखंड शाईसारखं निळंकाळं, डागाजवळ मात्र खरखरीत. हे म्हणाले, गंज आत शिरतोय. ही देऊन टाकू, स्टेनलेस घेऊ. लायसनवर एकच जागा. म्हणजे ती आली की ही गेली.

मी म्हटलं, तो गंज नाही, आईंचं कुंकवाचं बोट आहे.

हे हसले. मला हसू आलं नाही.

२२ सप्टें., रविवार

दिवसभर मोबाइलवर स्टेनलेसचे फोटो. मला दाखवले. स्वयंपाकघरातल्या वस्तूसारखं दिसतंय म्हटलं, पळीशेजारी टांगावं असं. “तुझं अख्खं स्वयंपाकघर स्टीलचं, तिथं काही तक्रार नाही,” म्हणे. मग कौतुक सुरू. घाम लागला, पाणी लागलं, कुंकू लागलं, पुसलं की झालं. निळ्याचे लाड फार. हात लावला तरी पुसून ठेवा.

लग्नानंतरचा पहिला दसरा आठवला. मी कॉन्व्हेंटची. पूजेत पिस्तूल म्हटल्यावर पाटापासून दोन हात लांब उभी. सासूबाई मला ‘मिस’ म्हणायच्या. “या मिस, चावत नाही ती.” माझं मनगट धरलं, अनामिका पाण्यात बुडवली, मग कुंकवात, मग लोखंडावर टेकवली. शाळेच्या चॅपलच्या दारात असंच बोट पाण्यात बुडवून कपाळाला लावायचो. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, मग येतंय की तुला सगळं.

ही रोजनिशी मराठीत लिहिते तीही त्यांच्यामुळेच. जोडाक्षरं त्यांनी गिरवून घेतली, एम.ए. झालेल्या सुनेकडून.

दुपारी हे झोपल्यावर डागावर बोट ठेवून पाहिलं. बरोब्बर बसतं. डोळे भरून आले, उगाच.

२५ सप्टें., बुधवार

अविधवा नवमी. सासूबाई मामंजींच्या आधी दोन वर्षं गेल्या, म्हणून त्यांची तिथी आज. समोरच्या फ्लॅटमधल्या तेलुगू रेड्डीबाईंना सवाष्ण बोलावलं. पुरणपोळी त्यांना ‘बोब्बट्लु’ म्हणून आवडते. तीन खाल्ल्या, छान वाटलं.

ओटी भरताना त्यांना बांगड्या दिल्या. सासूबाईंच्या जुन्या मापाच्या काढल्या होत्या, त्या रेड्डीबाईंच्या हातातून सरळ घसरून आल्या. केवढा रुंद हात होता त्यांचा! भाकरी थापली की ताटाच्या बाहेर. शेवटी माझ्या मापाच्या दिल्या.

पुण्याहून रेवाचा फोन. लेक आमची स्पष्ट. “आई, निळं काय नि पांढरं काय, पोलिसांकडे जमा करा नि मोकळे व्हा. करायचंय काय दोघांना?” बाबांशी बोल म्हटलं. बाबा बाल्कनीत निघून गेले.

पितृपंधरवड्यात खरेदी नको, एवढं तरी मान्य केलं ह्यांनी. पण ‘नुसतं बघून येऊ’ चालू आहेच.

२८ सप्टें., शनिवार

नुसतं बघून आलो.

आमच्या विद्यानगरहून ऑटोनं कोठीच्या बाजारात. पुस्तकांच्या दुकानांमागच्या गल्लीत मामंजींचे जुने बंदूकवाले, उस्ताद. ऐंशी तरी असतील. हात अजून स्थिर. स्टेनलेसही दाखवलं. खरं सांगायचं तर हातात घेतल्यावर वाईट नव्हतं. गार, स्वच्छ, नव्या भांड्यासारखं. कुठेच काही आठवायला लावत नाही.

मग आमची वस्तू खिडकीपाशी नेऊन पाहिली. म्हणाले, लोखंड पक्कं आहे. डाग घासून काढून परत निळं चढवता येईल, पंधरा दिवस लागतील.

घासून नको म्हटलं. ती सासूबाईंची खूण आहे. वर्षानुवर्षं त्याच जागी बोट टेकवायच्या.

उस्ताद माझ्याकडे बघत राहिले. मग ह्यांच्याकडे. मग म्हणाले, “अम्मा, बुरा नक्को मानो. बड़े साब हर साल दसरे के दूसरे दिन यहाँ आते थे. कुंकू का दाग निकलवा के, नीला लगवा के ले जाते थे. बोलते, मियाँ, घर में मालूम नक्को होना, वो हाथ लगाना छोड़ देगी.”

म्हणजे बड़े साब, आमचे मामंजी, दर वर्षी. सासूबाई गेल्यावरही दोन वर्षं आले म्हणे. तेव्हा पूजा मी करत होते.

ते जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे डाग नऊ वर्षांचा. म्हणजे बोट माझं.

ऑटोत हे बाहेर बघत होते. खांदे हलत होते.

२९ सप्टें., रविवार

हसायचं थांबत नाहीत. चहा देताना, “बरोब्बर बसतं ना गं बोट?” परवा मीच कौतुकानं सांगितलं होतं, माझीच चूक. रुंद हाताच्या बाईचं बोट माझ्या बोटाएवढं कसं असेल, हे बांगड्या हातात घेऊनही सुचलं नाही.

पण एक आठवलं आणि हातातलं काम राहिलं. दर दिवाळीला कपाट आवरताना सासूबाई वस्तू बाहेर काढायच्या नि आल्यागेल्याला दाखवायच्या. “पूजा केलेली वस्तू कशी चमकते बघा.” मामंजी शेजारी बसून पेपर वाचत असायचे. पेपर कधी हलला नाही त्यांचा.

ह्यांना सांगितलं. हसणं थांबलं एकदम.

३ ऑक्टो., गुरुवार

घट बसले. खाली सोसायटीत बतुकम्मा, इथल्या बायकांचा फुलांचा सण. फुलं छान मिळाली, गुनुगूचे तुरे, झेंडू.

उस्तादांचा निरोप आला. ते स्टेनलेस दुसरं कुणी मागतंय, दसऱ्यानंतर दोन दिवस थांबवतो, पुढं नाही. मी आता काय बोलणार? माझ्याकडे मुद्दा कुठला उरला? म्हटलं, घ्या तुमचं स्टेनलेस.

वाटलं खूश होतील. “बघू,” म्हणाले.

७ ऑक्टो., सोमवार

निळं ठेवलं तर दर दसऱ्याला कोठीची फेरी. “दर वर्षी जायला मी काय आमचे बाबा आहे का?” दोनदा म्हणाले. मी काही विचारलेलं नसताना.

मी सुचवलं, कुंकू पिशवीला लावते, वस्तू आत राहू दे. तेही नको. “आई म्हणायची, लोखंडाला लागलं पाहिजे.”

मग काय पाहिजे?

१२ ऑक्टो., शनिवार. दसरा

पाटावर वस्तू, ह्यांचा स्कूटरचा पाना, माझी विळी, कात्री. झेंडू. बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात बुडवलं, आणि हात थांबला. नऊ वर्षं माझंच कुंकू हिला खात आलंय. डाग अगदी समोर. बाजूला, जरा पुसट लावावं म्हटलं.

“नीट लाव,” हे मागून म्हणाले.

लावलं. डागावरच, भरपूर.

संध्याकाळी सगळ्या मजल्यांवर जम्मीची, म्हणजे शमीची पानं वाटली, आपल्याकडच्या सोन्यासारखी. रेड्डीबाईंच्या नातवानं आम्हाला वाकून नमस्कार केला. हे त्याला पालपिट्टा दिसला का विचारत होते, दसऱ्याला दिसला की शुभ म्हणतात तो नीळकंठ पक्षी. त्यांना स्वतःला दिसला म्हणे, गच्चीवरून. कबुतर असेल.

१४ ऑक्टो., सोमवार

काल रविवार, बाजार बंद. आज सकाळी नऊलाच बूट घातले. कुठं म्हटलं. कोठीत जरा काम आहे. कसलं? “असंच. पुस्तकं बघतो.”

निवृत्त झाल्यापासून ह्यांनी पुस्तक हातात घेतलेलं मला आठवत नाही.

गेल्यावर कपाट उघडलं. लायसनची वही नाही, वस्तूची पिशवी नाही. डाग घासायला नेली की कायमची द्यायला, पिशवीच्या रिकाम्या जागेवरून कळत नाही. फोन हातात घेतला होता. ठेवून दिला. सासूबाईंनीही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामंजींना कधी विचारलं नसेल. का विचारलं नसेल, हा विचार मला इतक्या वर्षांत आजच आला. एवढी हुशार बाई.

साडेबारा झाले. अजून पत्ता नाही. वांग्याची भाजी झाकून ठेवली आहे, भात लावायचाय.

निळी येवो की पांढरी, दिवाळीला कपाट आवरताना आल्यागेल्याला काय म्हणायचं ते मला पाठ आहे.