मिस्टर हॉलिस यांचं पोट आणि आमच्या खोऱ्याचा निधी

आल्तो पकाय, उवायागा नदीकाठ
बुधवार

तीर्थस्वरूप दोमितिलाताईस,

धाकट्या नेलिदाचा वाकून नमस्कार आणि गालाला एक मुका. तुझे गुडघे कसे आहेत? न्यू जर्सीत थंडी पडली असेल, तेव्हा वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना पांघरुणं घालताना एखादं स्वतःच्या अंगावरही घेत जा. आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझा मेहुणा आबेलिनो खुशाल आहे (बोलत नाही, पण जेवतो). सासूबाई तर इतक्या खुशाल आहेत की त्यांच्यापायी सगळ्या गावाच्या तोंडचं पाणी पळालं आहे. तेच सांगायला बसले आहे.

तुला कळवलंच होतं, दोन वर्षांपूर्वी आम्ही कोकाची सगळी झुडपं आपल्या हातांनी उपटली आणि त्या जागी चॉकलेटची झाडं लावली. अमेरिकेनं सांगितलं, तुमच्या कोकाची पूड आमच्या पोरांच्या नाकात जाते, ते बंद करा, झाडं फळाला येईपर्यंत तुमच्या घराला आम्ही हातभार लावू. माणसं चांगली आहेत, शब्दाला जागतात. फक्त त्यांचा शब्द एका वर्षाचा असतो. झाडाला नीट फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात (कोका वर्षातून चारदा तोडणीला यायचा, हे आबेलिनो हल्ली न विचारता सांगतो), आणि तिकडे वॉशिंग्टनला कमिटी दरवर्षी नव्याने बसून ठरवते की यंदा आम्हाला पैसे द्यायचे की नाही. त्यामुळे आमच्याकडे आता पावसाची चौकशी कोणी करत नाही. मासे घेताना बायका विचारतात, "कमिटीचं काय गं?" आधी छोटी कमिटी, मग मोठी, मग खालचं सभागृह, मग वरचं, मग दोघांचं पटत नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून. माझ्या लग्नाच्या बोलणीलासुद्धा इतका वेळ लागला नव्हता, आणि तेव्हा सासूबाई मधे होत्या.

त्यात आणखी एक त्रांगडं आहे. आमच्या प्रकल्पाचे इंजिनियर सेवायोस सांगतात की कोका पूर्ण गेला म्हटलं तर कमिटी म्हणते, काम झालं, आता पैसे कशाला? आणि शिल्लक आहे म्हटलं तर म्हणते, म्हणजे आजवरचे पैसे पाण्यात गेले. म्हणून त्यांनी सगळ्या गावाला उत्तर पाठ करून ठेवलं आहे. कोणीही साहेबानं विचारलं, कोका गेला का, तर 'जवळजवळ' म्हणायचं आणि पुढे काही बोलायचं नाही. पुढे काही बोलायचं नाही, हे सासूबाईंना कसं जमणार?

तर मागच्या मंगळवारी त्या छोट्या कमिटीचे मिस्टर हॉलिस आले. ते स्वतः मत देत नाहीत, पण मत देणारे त्यांचं टिपण वाचून मत देतात, म्हणजे खरे धनी तेच. आम्ही गल्ली झाडली, आबेलिनोनं चॉकलेटच्या झाडांची पानं ओल्या फडक्यानं पुसली (सगळी नाही, रस्त्यावरून दिसतात तेवढी), मी पानात बांधून कोंबडीचा भात शिजवला. पण घाटातल्या वळणांनी साहेबांचं पोट असं ढवळलं की गाडीतून उतरले ते थेट आमच्या ओसरीवर डोकं धरून बसले. कोवळा पोरगा गं, तिशीचासुद्धा नसेल. तरी इंजिनियरांनी स्वागताचं भाषण सुरू केलंच. सासूबाई दारातून म्हणाल्या, "लेकरू एवढ्या लांबून आलंय, आणि हा मेला त्याला भाषण पाजतोय. हो बाजूला." आणि वाफाळता काढा घेऊन आल्या.

पहिल्या पेल्यानं साहेबांच्या तोंडावर रंग आला. दुसऱ्यानं भूक लागली. भाताची दोन पुडकी संपवून त्यांनी तिसरा पेला मागून घेतला आणि मग सगळा मळा पायी फिरले, आबेलिनोच्या खांद्यावर हात टाकून (आबेलिनो तेव्हा हसला, ताई. कितीतरी दिवसांनी हसला). इंजिनियर माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, पैसे आले समजा." तेवढ्यात साहेबांनी विचारलं, हा काढा कसला? आईसाठी थोडा घरी न्यावा म्हणतो. इंजिनियर (दुभाषेही तेच) पटकन म्हणाले, बडीशेपेचा. सासूबाईंनी विचारलं, "काय सांगितलंस रे त्याला?" इंजिनियरांनीही वेड्यासारखं खरं ते सांगितलं.

सासूबाईंना तो अपमान वाटला. "बडीशेप? बडीशेपेनं असं पोट थांबतं होय? माझ्या हातच्या औषधाला बडीशेप म्हणतोस?" असं म्हणून त्या खुराड्यामागे गेल्या आणि हिरवीगार फांदी घेऊन आल्या. "कोका आहे, म्हणावं. ताजा. आईला घेऊन जा." त्यातला कोका हा शब्द साहेबांना इंजिनियरांशिवाय कळला.

आपल्याकडे हा चहा वाण्याच्या दुकानात मिळतो, आपले पाद्रीबाबासुद्धा घेतात. पण तुला तर माहीत आहे, तिकडे नोकरीवर लघवी तपासतात, आणि त्यात हा चहासुद्धा पुडीसारखाच दिसतो. तुझी नाही का तपासली होती? साहेब पुन्हा ओसरीवर बसले. आता भेटीचं खरं टिपण लिहायचं तर तीन पेले लिहावे लागणार, आणि नाही लिहिलं तर कमिटीच्या कागदात आमचं खोरंच नाही. तरी पोरगा संस्कारी. जाताना सासूबाईंचा हात हातात घेऊन आभार मानून गेला. त्यानंतर त्याची काही खबर नाही. इंजिनियरांचे फोन तो उचलत नाही, आणि आमचे फोन इंजिनियर उचलत नाहीत. सासूबाईंना बोलायला गेलं तर म्हणतात, "मळ्यातली सगळी उपटली ना? ही पोटासाठी ठेवली. पोट काय कमिटीला विचारून दुखतं?"

मी हसत लिहिते आहे, पण मला भीती वाटते, ताई. मोटारसायकलवाले पुन्हा फिरू लागले आहेत. कोकाची रोपंही देतो, उचलही देतो म्हणतात. आपला भाऊ रोमुलो अशाच लोकांबरोबर नदीवर गेला तो परत आला नाही. आबेलिनो त्यांना नाही म्हणतो, पण हल्ली पाणी प्यायला बसवून मग नाही म्हणतो.

बाकी सर्व ठीक. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना आमचा नमस्कार सांग.

तुझी,
नेलिदा

ता. क. तू पाठवलेल्या फोटोत म्हाताऱ्या बाईंच्या चाकाच्या खुर्चीवर हात ठेवून जे खासदार उभे आहेत, ते त्याच छोट्या कमिटीवर आहेत, असं इंजिनियरांनी फोटो पाहून सांगितलं. ते पुन्हा आले तर खुर्ची जरा अडवून धर आणि आमचं सांग. मी सहजच लिहिते आहे, तुला त्रास नको.

ता. क. दुसरा. त्यांनी विचारलंच की कोका पूर्ण गेला का, तर जवळजवळ म्हण. काढ्याचं काढू नकोस. हॉलिस पोराची नोकरी जायला नको.

ता. क. तिसरा. टपालाची होडी शनिवारी जाते म्हणून पत्र घरातच होतं. काल आबेलिनोनं घरामागे खड्डे खणायला घेतले. केळीसाठी म्हणतो. केळीचे खड्डे इतके जवळ जवळ खणतात का गं? तो आंघोळीला नदीवर गेला तेव्हा मी सगळे बुजवले. आज त्यानं पुन्हा खणले. मी पुन्हा बुजवले आहेत. पण त्याच्या हातात माझ्यापेक्षा जोर आहे, ताई, तेव्हा खासदार येण्याची वाट पाहू नकोस, तूच त्यांच्या दारात जा.