पाठीवरची होडी

सफोतू, सवाई बेट
७ एप्रिल १९८६

चि. आपेरामो यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा योआने सुखरूप पोचला. बोटीतून उतरल्या उतरल्या माझ्या पायाशी ओकला. तुझाच मुलगा आहे, याची मला लगेच खात्री पटली. आता रोज तारो आणि मासे हाणतो, डासांना शिव्या देतो आणि ऑकलंडात काय काय मिळतं ते सांगून इथल्या पोरांना वात आणतो.

आता मुख्य गोष्ट, ती बसून वाच. योआनेला पेआ गोंदवून घ्यायचं आहे. हौसेचं एखादं फूल नव्हे, कंबरेपासून गुडघ्यापर्यंत सगळं, आपल्या आजोबांसारखं. ह्यांनी त्याला समोर बसवून विचारलं, कशाला हवं तुला हे? तो म्हणाला की तिकडे सगळे मला सामोआचा म्हणतात आणि इथे आलो की तुम्ही मला ऑकलंडचा म्हणता. एकदाचा कुठला तरी होऊ द्या. ह्यांनी त्याच दिवशी गोंदणाऱ्यांना निरोप धाडला.

एकट्याला गोंदत नाहीत, म्हणून जोडीदारही शोधला. शेजारच्या लागीचा सेमिसी तयार झाला आहे. गोंदणारे तुफुगा पुढच्या आठवड्यात येतील आणि आपल्याकडेच उतरतील. तुझा होकार आला की मगच पहिला ठोका पडेल. तुझ्या वेळी जे राहून गेलं त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तूही लिहू नकोस.

मेरिपाला माझी आठवण सांग. पोटात माया आहेच, ती तिकडच्या थंडीने गोठवू नकोस.

तुझी ताई,
फुआतिनो


ऑकलंड
१६ एप्रिल १९८६

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र उभ्यानेच वाचायला घेतलं आणि मग बसावंच लागलं. मेरिपा म्हणाली, पोराने खून केल्यासारखं तोंड का केलंत?

माझा होकार आहे. पण त्याला नीट सांग की सुरू करणं सोपं असतं. आपल्या गावचा सोसो आठवतो ना? कंबरेपर्यंत गोंदवून पळाला, तो मरेपर्यंत शर्ट घालून अंघोळ करायचा. त्याचं खरं नाव लोक विसरले, नुसतं अर्ध्या म्हणायचे. अजूनही त्याच्या नातवाला अर्ध्याचा नातू म्हणतात. माझा मुलगा असा राहिलेला मला चालणार नाही. गोंदवायचं तर बेंबीवरच्या शेवटच्या खुणेपर्यंत, नाहीतर आत्ताच परत पाठव.

सोबत जखमेवरचं मलम पाठवतो आहे. तुफुगा हसतील, तरी पाठवतो.

लिहू नकोस म्हणालीस म्हणून थोडंसं लिहितो. आईने माझ्या गोंदणाच्या वेळी तुफुगांना मान म्हणून द्यायला विणलेल्या बारीक चटया तुझ्या लग्नात गेल्या, याची मला खंत नाही. बाबा गेलेले होते, सासरच्यांपुढे ठेवायला दुसरं होतं काय? मीच तर त्या खांद्यावरून वाहून नेल्या. मग बोटीत बसून इकडे आलो आणि बिस्किटं भाजायला लागलो. भावजींकडे बघून कधीकधी वाटतं की चटया जरा जास्तच झाल्या. हे त्यांना वाचून दाखव.

तुझ्या मायेवरच इथली थंडी निभते, ती पाठवत जा.

तुझा धाकटा,
आपेरामो


सफोतू
२८ एप्रिल

चि. आपेरामोस आशीर्वाद.

हे पत्र पाद्रीबाईंच्या हाती देते आहे. त्या उद्या विमानाने तिकडे निघाल्या आहेत.

सेमिसी पळाला. पहिल्या बैठकीत दोघांच्याही पाठीवर होडी काढून झाली, म्हणजे पेआची सर्वांत वरची आडवी पट्टी. दुसऱ्या बैठकीत सेमिसी लघवीला जातो म्हणून उठला आणि थेट धक्क्याच्या बसमध्ये चढला. लाज वाटून त्याची आई भाजलेलं डुक्कर घेऊन आली. डुक्कर चांगलं होतं, पण त्याने जोडीदार थोडाच मिळतो?

तुफुगा हात जोडून बसले आहेत. ते म्हणाले, माझ्या वडिलांनी एकट्याला कधी गोंदलं नाही आणि मीही गोंदणार नाही. दुखणं दोघांत वाटलं जायला हवं, एकट्याच्या अंगावर ते सगळं उतरतं. ह्यांनी गावभर विचारलं. धीट पोरांचं आधीच झालेलं आहे, आणि बाकीच्यांच्या आया मला बघून दुसऱ्या वाटेने जातात. पेंटेकॉस्टचा सण झाला की तुफुगा अपियाला जाणार, पुढे कधी येतील कोण जाणे.

योआने घराबाहेर पडत नाही. गरम होतं तरी शर्ट घालून बसतो.

आपे, तू ये. त्याचा जोडीदार तू हो.

माझं माणूस माझ्या हाकेला येईल, या विश्वासात
तुझी ताई


ऑकलंड
३ मे

ती. ताईस नमस्कार.

तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. मला ब्लडप्रेशर आहे. माझं पोट एवढं सुटलंय की तुफुगांना दोन माणसांची शाई लागेल, आणि बेंबी शोधायलाच एक दिवस जाईल. कारखान्यात आमचा फोरमन खोकला झाला तरी सुट्टी देत नाही, त्याला काय सांगू? मुलाच्या शेजारी पालथं पडायचं आहे म्हणून?

शिवाय असल्या गोष्टींना वय असतं. माझं ते वय येऊन गेलं. त्या वेळी गाव बघत होतं, आता गाव हसेल. दुसरा कुणी शोध, भावजींना सांग हवं तर. मी तुफुगांसाठी डबाबंद मांसाचं खोकं पाठवतो.

राग धरू नकोस. राग धरलास तरी पत्र पाठव.

तुझा,
आपेरामो

ता. क. शर्ट घालून बसतो असं लिहिलंस, ते खरं आहे का?


ऑकलंड
९ मे

ती. वन्संस मेरिपाचा सप्रेम नमस्कार.

हे पत्र ह्यांच्याच हाती देते आहे. फोडून वाचतील, म्हणून जपून लिहिते.

तुम्हाला नाही म्हणून कळवलं आणि मग चार दिवस हे घरात अस्वलासारखे येरझाऱ्या घालत होते. जेवताना मध्येच विचारायचे, तिथे सध्या उकडत असेल ना? मी म्हणायचे, हो. मग म्हणायचे, एवढ्या उकाड्यात शर्ट? परवा न्हाणीघरात आरशासमोर पाठ वळवून उभे होते. मी विचारलं काय बघताय, तर म्हणाले जागा किती आहे ते. तेव्हाच मी बॅग खाली काढली.

फोरमनला त्यांनी खरं सांगितलं. तो माणूस म्हणाला, जा. मी उगीच त्याला इतकी वर्षं वाईट म्हणत होते.

वन्सं, ब्लडप्रेशरच्या गोळ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहेत. सकाळची गोळी ते मुद्दाम विसरतात. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? माझी दोन्ही माणसं आता तुमच्या पदरात आहेत.

तुमची,
मेरिपा


सफोतू
२ जून

ती. आईस योआनेचा नमस्कार.

झालं! दोघांचंही, बेंबीसकट.

तू काळजी करत असशील म्हणून आधी सांगतो की बाबांची गोळी आत्या स्वतः त्यांच्या जिभेवर ठेवायची आणि तोंड उघडून दाखवायला लावायची. पहिल्या दिवशी बाबांच्या पाठीवर होडी काढली. त्यांना माझ्या बरोबरीला आणायचं होतं. सगळा गाव बघायला जमला होता. हसायलाच आले होते, पण कुणी हसलं नाही. नंतर आम्ही आळीपाळीने पडायचो. माझ्यावर ठोके पडत असताना बाबा माझ्यावरच्या माश्या वारायचे आणि त्यांच्यावर पडत असताना मी वारायचो. बाबा ओरडले नाहीत. भजनं म्हणायचे, तीही सगळी चुकीच्या चालीत. तुफुगा म्हणाले की सुयांपेक्षा ह्याच्या गाण्याचा त्रास जास्त आहे.

गुडघ्याच्या मागच्या बाजूला सर्वांत जास्त दुखतं. तिथे मी म्हणालो की आता बास. बाबांनी नुसता माझा हात धरला आणि म्हणाले, मी तुझ्यामुळे पडलोय इथे, तू उठलास तर मी पण अर्ध्या होईन. मग कसा उठणार?

बाबांचं डोकं आत्याच्या मांडीवर असायचं. ती पूर्ण वेळ समुद्राकडे तोंड करून गात बसायची. भावाचं गोंदण चालू असताना बहिणीने तिकडे बघू नये, असं ती म्हणते.

रोज पहाटे खाऱ्या पाण्यात अंघोळ, मग तेल. एकट्याने कुठेही जायचं नाही, म्हणून आम्ही दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, पाय फाकवून बदकांसारखे चालायचो. शेवटच्या दिवशी डोक्यावर अंडं फोडलं, अंगभर हळद-तेल चोळलं आणि आम्ही नाचलो. बाबा माझ्यापेक्षा चांगले नाचले. हे त्यांना सांगू नकोस, त्यांना माहीत आहे.

आणखी एक गोष्ट आहे. तुफुगांना आत्याने एक बारीक चटई दिली. इतकी मऊ की रुमालासारखी घडी पडते. ती उलगडली तेव्हा बायका बघायला पुढे सरकल्या. लागीमावशी मला म्हणाली, तुझे बाबा बोटीत बसून गेले ना, त्याच वर्षी फुआतिनोने ही विणायला घेतली. मध्ये घरातल्या कितीतरी लग्नांना, मयतांना चटया कमी पडल्या, पण ही तिने काढली नाही. विचारलं तर म्हणायची, आपेच्या गोंदणाची आहे. लोक हसायचे. आत्याने मला बजावलंय की बाबांना सांगायचं नाही. म्हणून मी तुला सांगतोय.

तुझ्या हातच्या कोकोची फार आठवण येते. माझा लोभ तुझ्या चुलीपाशीच आहे असं समज.

तुझा,
योआने


ऑकलंड
१३ जुलै

ती. ताईस तुझ्या थोराड धाकट्याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग आता खरंच घालता येतो, खपल्या गेल्या.

इथे हाडं गोठवणारी थंडी आहे, तरी मी रविवारी लावालावा नेसूनच देवळात जातो. बसमध्ये चढताना तो जरा वर धरावा लागतो, पायरी उंच आहे म्हणून. मेरिपा म्हणते की पायरी पूर्वीपासून तेवढीच आहे. कारखान्यात कपडे बदलताना फोरमनने पाहिलं. दुखलं का, असं विचारलं. मी म्हणालो, माझ्या बहिणीच्या गाण्यामुळे कळलंच नाही. खोटं आहे ते, तुला माहीत आहे.

मेरिपा सकाळ-संध्याकाळ दोघांना ओळीत उभं करून तेल लावते. उन्हात जाऊ देत नाही, भट्टीजवळ उभं राहायचं तर आत जाड विजार घालायला लावते. रंग फिका पडला तर वन्संना काय तोंड दाखवू, असं म्हणते. योआने आता घरात उघडाच हिंडतो. त्याला शर्ट घाल, सर्दी होईल, असं ओरडताना मला काय आनंद होतो म्हणून सांगू!

ताई, मेरिपाच्या पोटात काही राहत नाही. चटईचं मला कळलं.

मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पोरासारखा रडत होतो, आणि तू चटईबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. मी तिकडे बिस्किटं भाजत होतो, पोट वाढवत होतो, माझं मीच विसरून गेलो होतो. तू विसरली नाहीस. मला नीट लिहिता येत नाही. आईने जे माझ्यासाठी केलं होतं ते मी तुला हसत दिलं, त्याचं एवढं काय होतं गं? तू मला ते परत दिलंस, आणि माझ्या मुलाच्या शेजारी झोपवून दिलंस. देवाने मला दुसरं काही दिलं नसतं तरी चाललं असतं.

तुझाच,
आपे


सफोतू
२७ जुलै

चि. आपेस ताईचे आशीर्वाद.

बायकांच्या तोंडाला कुलूप नसतं. चटई म्हणजे काय, बसल्या जागी हाताला चाळा. मी काही रोज विणत नव्हते.

इकडची बातमी ही की सेमिसी परत आला. रोज शर्ट घालून आपल्या दारात बसतो आणि तुफुगा पुन्हा कधी येणार म्हणून विचारतो. त्याला जोडीदार हवा आहे. तुझं झाल्यापासून गावातल्या सगळ्या थोराडांच्या अंगात आलंय. हे सुद्धा परवा पोट आत ओढून उभे होते. मी म्हटलं, तुमच्यासाठी आधीच पुष्कळ चटया गेल्या आहेत. तुझा निरोप वाचून दाखवला होता, तो अजून त्यांना झोंबतो.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. गोंदण चालू असताना मी खरोखरच वळून पाहिलं नाही. माझ्या वाट्याला सगळे दिवस तुझं टक्कल आलं. पण निघायच्या आधी मोठ्या घरात सभा बसली आणि तू व योआने उघड्या अंगाने मानाच्या पेयाचे, आवाचे पेले वाटायला उभे राहिलात. घरोघरच्या प्रमुखांना देऊन झाल्यावर तू माझ्यासमोर आलास. मी रीतीप्रमाणे मान खाली घातली. लावालावा वर खोचलेला होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे तुझे गुडघे आले. त्यांवर पेआची सर्वांत खालची रेघ होती. विणताना मी मनातल्या मनात तुझ्या अंगावर पेआ काढत यायचे आणि नेहमी त्याच रेघेपाशी थांबायचे. तिच्या पुढे काय असेल ते मला कधी सुचलंच नाही.

ती रेघ बघता बघता पेला तिरका झाला आणि थोडा आवा चटईवर सांडला. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला दिसेनासं झालं. मी वाटू दिलं.

लोभ आहेच. तोही त्या तेलासारखा रोज थोडा थोडा लावत जा, म्हणजे फिका पडणार नाही.

तुझी ताई,
फुआतिनो