मिसेस टॉलिव्हर चहा प्यायल्या नाहीत

४ मार्च १९४६
आज पुन्हा नवऱ्याचा मुडदा पाडला. तिसऱ्यांदा! दिग्दर्शक म्हणाला, "हॅरिएट, उशी दाबताना जरा हस ना!" हसले. पण जीव सगळा गुरुवारात अडकलाय. बालकाश्रमाच्या मिसेस टॉलिव्हर घर बघायला येणार. त्यांच्या मनात भरलं, तर लोर्ना माझी! बापाच्या मारातून सोडवून आश्रमात आणलेली सात वर्षांची पोर. दोनदा भेटले, बोलली एकदाच — "तुमच्याकडे कुत्रा आहे?" नाही म्हटलं, तर तोंड फिरवलं.

५ मार्च
स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्यातला मॉर्ट आडवा आला. "पोरीला कडेवर घेतलेला फोटो छापून आला, तर तुला घाबरणार कोण?" शनिवारी ग्लेन्डेलला नव्या सिनेमाचा चाचणी खेळ झाला, त्यात प्रेक्षकांनी मतं लिहिलेली कार्डं दाखवली. एका प्रेक्षकाने लिहिलंय, 'ही बाई मेली तेव्हा बरं वाटलं.' बावीस वर्षं हेच माझं कौतुक!

६ मार्च
दिवसभर पडदे धुतले, कपाटं पुसली. माझी स्वयंपाकीण ओपल आतून ओरडली, "बाई, बसा हो जरा! घर बघायला येताहेत, प्रेत शोधायला नाही!"

७ मार्च
माझा घात मीच केला.
सगळं छान चाललं होतं. लोर्नासाठी मांडलेली खोली त्यांना आवडली. मग मी चहा ओतला. सिनेमात विष पाजून पाजून हाताला सवयच तशी — किटली सावकाश कलती करायची, कप दोन्ही हातांनी पुढे सरकवायचा, आणि पहिला घोट घशाखाली उतरेपर्यंत एकटक बघायचं. पापणी लवू द्यायची नाही. माझ्या लक्षातही आलं नाही! आवाजसुद्धा तसाच खाली गेला. "घ्या ना. गार होतोय."
त्यांनी कप ओठांपर्यंत नेला नि तसाच खाली ठेवला. मी हसले — तेही नको होतं! निघताना म्हणाल्या, "शनिवारी आमच्या मुली थेटरात गेल्या होत्या, मिसेस व्हिटकॉम्ब. लोर्नाने तुम्हाला ओळखलंय." सिनेमा कुठला, हे विचारायची हिंमत झाली नाही.
ओपलने तोच कप उचलून गटागटा संपवला. "साखर कमी आहे, बाकी काही नाही," म्हणाली. तिच्या खांद्यावर डोकं टेकून मी ढसाढसा रडले.

९ मार्च
फोन नाही.

११ मार्च
फोन नाही. सेटवर मेकअपवाला बघतच राहिला. म्हणाला, "आज काही लावायला नको, अशाच भयानक दिसताय!" मेल्याला ही शाबासकी वाटते.

१२ मार्च
मिसेस टॉलिव्हरचा फोन! शनिवारी लोर्नाला घेऊन जा म्हणाल्या. त्यांनी तिला विचारलं होतं, "त्या बाईंची भीती नाही वाटत?" तर म्हणाली, "वाटते ना. पण माझे बाबा तुरुंगातून सुटून आले, तर त्यांनाही वाटेल."