शेजारचे संपर्क गाळून

मारेगाव,
३ सप्टेंबर २००६

चि. ममता हिस,
सप्रेम जयभीम आणि काकाचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. घरात फोन असून पत्रं काहून, असं पोस्टमन मला दरवेळी विचारतो. मी त्याला सांगितलं की आमच्या घराण्याला फोनवर बोलता येत नाही. दोन्हीकडून नुसते श्वास ऐकतो आणि बिल भरतो.

इकडे सर्व ठीक. वहिनी उठतात, चहा करतात, वावरात जातात, येतात. दादाला जाऊन येत्या ऑक्टोबरात वर्ष होईल, पण तुझी आई अजून त्याच्या कपात चहा ओतते, थोडा वेळ त्याच्याकडे बघते आणि मग तो मला आणून देते. मी पितो.

कपाशीची पऱ्हाटी यंदा कमरेच्या वर गेली. नवं बियाणं घेतलं म्हणजे फवारणी सुटली, असं दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. तुडतुड्यांना मात्र ते कोणी कळवलेलं दिसत नाही. ज्या पंपाने फवारताना दादा गेला, त्याला गावात कोणी हात लावत नाही. मजुरीने फवारणाऱ्या गोविंदाला विचारलं तर म्हणाला, दुसरा पंप आणा मास्तर, मग येतो. दुसरा मिळण्याआधीच एके दिवशी वहिनी दादाचाच पंप पाठीवर घेऊन निघालेल्या दिसल्या. मी काढून घेतला. तेव्हापासून आठवडाभर पोरांना विभक्ती शिकवतो आणि रविवारी तुडतुड्यांची शिकवणी घेतो. नाकातोंडाला दुपट्टा गच्च बांधतो, पँट ओली होऊ नये म्हणून गुडघ्यापर्यंत दुमडतो. काळजी नसावी.

पोळ्यानंतरच्या रविवारी मात्र पित्ताने लोळवलं. घाम आणि उलट्या. पुरणपोळीने सूड घेतला, दुसरं काही नाही. दोन दिवसांनी शाळेत हजर.

दादा गेल्यावर तू संशोधनाचा विषय बदललास. कारण विचारत नाही. पण नवा विषय काय ते एकदा लिही. लोक विचारतात, मी प्रथिनं म्हणतो, आणि ते मला तुरीच्या डाळीचा भाव सांगतात.

लोभ आहेच, वाढवायला सवड मिळाली तर वाढव.
तुझा,
भीमराजकाका


पुणे,
१२ सप्टेंबर २००६

ती. काकांस,
सविनय जयभीम. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पित्त आता कसं आहे? आल्याचा रस घेत जा.

विषय सांगते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती सरळ राहत नाही, घड्या घालून गोळा होते. मग माळेत एकमेकांपासून फार लांब असलेले मणी घडीत एकमेकांना टेकतात. कोणता मणी कोणाला टेकला आहे, ते मी संगणकावर शोधते. याला आम्ही संपर्क म्हणतो. माळेत लागून असलेले मणी टेकणारच, त्यातून काही कळत नाही. म्हणून शेजारचे संपर्क आधीच गाळून टाकायचे. जे दूरचे उरतात, त्यांच्यावर प्रथिन उभं असतं.

माझं प्रथिन नसांजवळ असतं. नसेने स्नायूला निरोप दिला की तो पुसायचं काम याचं. माळेतले तीन दूरचे मणी जिथे एकत्र येतात, तिथे हे काम चालतं. फवारणीचं औषध नेमकं तिथे जाऊन बसतं आणि उठत नाही. बाबांच्या बाबतीत हेच झालं असणार. हे मी इथे सगळ्यांना समजावून सांगते, फळ्यावर काढून दाखवते, आवाज कुठे अडकत नाही. माझे मार्गदर्शक म्हणाले की तू फार खंबीर आहेस. तसं नाही, काका. मला काही होतच नाही. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे रडत होते आणि मी पत्रावळी मोजत होते. तेव्हापासून तसंच आहे.

आईला माझा नमस्कार. तुमच्यावरच्या हक्काने लिहिलं, माया कमी करू नये.
आपली,
ममता


मारेगाव,
२४ सप्टेंबर २००६

चि. ममता हिस,
सप्रेम जयभीम, अ. उ. आ.

तुझं प्रथिन समजलं, आणि समजल्याचा थोडा गर्वही झाला. श्लोकात कर्ता पहिल्या चरणात बसतो आणि त्याचं क्रियापद चौथ्यात. अन्वय लावला की दोघं शेजारी. फार लांबचं असलं तर आम्ही त्याला दूरान्वय म्हणतो आणि कवीला दोष देतो. तुझ्याकडे त्याच दोषावर माणसाचं शरीर चालतं, म्हणजे काव्यशास्त्रवाल्यांना कोणीतरी हे कळवायला हवं.

पत्रावळी कोणीतरी मोजायलाच हव्या होत्या. त्या कमी पडल्या नाहीत, हे मला आठवतं.

इकडची गंमत. परवा शाळेतून एसटी स्टँडपर्यंत आलो आणि पानवाला अन्सार म्हणाला, मास्तर, एकाच पायात चप्पल घालायची नवी पद्धत आहे का? खाली पाहिलं तर खरंच एक पाय उघडा. चप्पल कुठे राहिली ते पायाला कळलंच नव्हतं. पट्टा सैल झाला होता. सायकलच्या पायडलवरूनही पाय घसरतो, पायडल गुळगुळीत झालं आहे. मंगळवारी वहिनींनी पाय धुवायला पाणी दिलं, ते जरा कढत होतं म्हणे. मला तर कोमट वाटलं, फोड मात्र आला. मास्तरांची कातडी जाड असते, हे पोरं कधीचं म्हणतात.

पुढच्या रविवारी पुन्हा फवारायचं आहे. मी नाही गेलो तर वहिनी पंप घेतील, मला ठाऊक आहे. तेव्हा माझ्या चपलेची कथा तिकडेच ठेव.

नमस्कार-चमत्काराची जागा संपली, बाकी मनातून समजून घे.
तुझा,
भीमराजकाका


पुणे,
३० सप्टेंबर २००६

ती. काकांस,
सविनय जयभीम.

कुशल विचारत नाही, कारण ते नाही हे मला कळलं आहे.

तुमची दोन्ही पत्रं समोर ठेवली आणि मी रोज जे करते ते केलं. शेजारचे संपर्क गाळले. चपलेच्या शेजारी सैल पट्टा आहे, तो गाळला. पायडलच्या शेजारचा गुळगुळीतपणा गाळला. फोडाशेजारची जाड कातडी गाळली. पित्ताला लागून असलेली पुरणपोळीही गाळली. मग जे उरलं ते एकमेकांना टेकलं. पहिल्या पत्रातला घाम आणि दुसऱ्या पत्रातला पाय.

ते पित्त नव्हतं, काका. आणि ते वाचून मी तुम्हाला आल्याचा रस सांगितला. दिवसभर तेच प्रथिन बघणारी मी.

नसांमध्ये आणखी एक प्रथिन असतं, काही औषधं त्यालाही धरतात. माणूस आजारातून उठतो, बरा झालो म्हणतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी पायांच्या बोटांपासून बधिरपणा चढू लागतो. दुपट्टा नाकाला बांधला तरी औषध कातडीतून जातं. तुम्ही पँट दुमडून, उघड्या पायांनी, स्वतःच फवारलेल्या ओल्या पऱ्हाटीतून पुढे पुढे चालत गेलात. बाबाही तसेच चालायचे. गावात सगळे तसेच चालतात, कारण पँट खराब झालेली दिसते आणि पाय धुता येतात.

फोन सकाळपासून लागत नाही, म्हणून लिहिते: रविवारी वावरात जायचं नाही. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. आणि हे आईला तुम्ही सांगायचं. पत्र पोचल्यावर तुम्ही सांगितलं नाहीत, तर मी सगळं सोडून येते आणि पंप मी घेते. मी गंमत करत नाही. ती तुमच्याकडे असते.

हे लिहिताना अक्षर तरी बिघडायला हवं होतं. बिघडलं नाही. बघा, किती सुबक आहे.

रागावलात तरी आपलीच,
ममता


मारेगाव,
१४ ऑक्टोबर २००६

चि. ममता हिस,
सप्रेम जयभीम, अ. उ. आ.

धमकीचं पत्र इतक्या सुंदर अक्षरात मी प्रथमच पाहिलं. वर्गात दाखवण्यासारखं आहे.

पत्र रविवारच्या आधी आलं नाही. पण त्या रविवारी वावरात पोचायच्या आतच धुऱ्याच्या बांधावर पडलो, त्यामुळे तुझी आज्ञा न वाचताच पाळली गेली. सोमवारी दसऱ्याला गल्लीतले सगळे दीक्षाभूमीला गेले, धम्मदीक्षेचं पन्नासावं वर्ष म्हणून लेकरं-म्हातारी सुद्धा. मी पाय सुजल्याचं सांगून घरी राहिलो. वहिनीही राहिल्या. गल्ली एवढी रिकामी मी कधी पाहिली नव्हती.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते वहिनींना वाचून दाखवलं. चपलेपासून फोडापर्यंत सगळं. त्या ज्वारी निवडत होत्या, हात थांबला नाही. मी म्हणालो की आणखी दोन फवारण्या बाकी आहेत, गोविंदाला पुन्हा विचारतो, नाहीतर उभं पीक जाईल. त्या खाली बघतच म्हणाल्या, "खाऊ द्या किड्याले. किती खाईन? त्या पंपानं मायं माणूस खाल्लं, त्याच्याहून जास्त त खात नाही ना."

पंप आता न्हाणीघरामागे उलटा पडला आहे. त्यांनी तो पुन्हा उचलला नाही, मलाही उचलू दिला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोटांना टाचणी टोचली आणि दुखतं का विचारलं. मी म्हणालो, तुम्ही टोचली म्हणता तर टोचलीच असेल. ते हसले नाहीत. सावकाश सुधारेल म्हणाले, पूर्ण सुधारेल असं नाही म्हणाले. तू येऊ नकोस. तुझी घडी विस्कटून इथे कोणाचीच नीट बसणार नाही.

पायांपर्यंत पोचत नसला तरी लोभ शाबूत आहे.
तुझा,
भीमराजकाका


मारेगाव,
१८ फेब्रुवारी २००७

चि. ममता हिस,
सप्रेम जयभीम, अ. उ. आ.

तुझं पत्र आणि प्रथिनाचं चित्र मिळालं. भिंतीवर लावलं आहे. अन्सार विचारून गेला की हे कोणत्या गावाचे रस्ते.

कापूस निम्मा झाला. काठी घेऊन शाळेत जातो. पोरांना वाटतं ती त्यांच्यासाठी आहे, आणि मी तो गैरसमज दूर करत नाही.

काल सकाळी तुझ्या आईने एकच कप चहा केला. बसून, बशीत ओतून, स्वतः प्यायली. मला वाईट वाटलं, कारण दुसरा, दादाच्या कपातला, माझा होता. मग त्या चूल विझवायची सोडून तिथेच रडत बसल्या, आणि मी चहा मागायला गेलो नाही.

दुपारी वावरात पऱ्हाट्या उपटणं चालू होतं. धुऱ्यावर चप्पल काढून बसलो होतो. अंगठ्याला बाभळीचा काटा लागला. लागला हे कळलं. चांगलाच कळला. मी तो बराच वेळ काढला नाही.

तू लिहितेस की तुला अजून काही होत नाही. घाई नाही, बेटा. डॉक्टर म्हणाले, जे टोक सगळ्यात लांब असतं ते सगळ्यात शेवटी जागं होतं. आणि पुणं इथून लांबच आहे.

इथलं सर्व तिथल्या सर्वांशी टेकलेलं असो.
तुझा,
भीमराजकाका