साक्षीदार हयात हवा

मी, खाली सही करणारी, आरोग्य केंद्रातली आहार-सल्लागार आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी लिहायला लावले म्हणून नव्हे. माझे मन ठिकाणावर आहे. मला फिट येतात, तेवढ्यापुरती शुद्ध जाते आणि परत येते, पण त्यात अक्कल कुठे सांडत नाही, असे मेंदूच्या डॉक्टरांनी लिहून दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे. येत्या गुरुवारी माझ्या डोक्याचे ऑपरेशन आहे. सर्जन म्हणाले, "बहुतेक सगळं नीट होईल." हे मृत्युपत्र त्यांच्या त्या 'बहुतेक'साठी आहे.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आईने जाण्यापूर्वी माझ्या नावे केल्या होत्या. त्या मी माझ्या धाकट्या बहिणीला देते. वडिलांना त्यात वाटा ठेवलेला नाही. हे रागाने केलेले नाही. कारण शेवटच्या कलमात आहे. धाकटीने वडिलांना आपल्याजवळ ठेवावे आणि खिडकीजवळची खाट त्यांचीच राहावी. ही माझी विनंती आहे, देणगी नाही. हा फरक कायद्याला कळतो, धाकटीला नाही कळला तरी चालेल.

कलम २. बँकेत जे काही असेल ते धाकटीच्या शिक्षणासाठी. ती म्हणते, "ताई, तू एवढी शिकलीस आणि करतेस काय? लोकांना जेवायला शिकवतेस!" तिने काय शिकायचे ते तिने ठरवावे, पण शेवटपर्यंत शिकावे. आम्ही दोघी पदवीधर झालो की निदान जेवताना माझ्या बाजूने बोलायला कोणीतरी असेल, अशी माझी फार इच्छा होती.

कलम ३. आईचा वजनकाटा मोठ्या इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डाच्या स्वयंपाकघराला द्यावा.

मला लहानपणी दिवसातून कितीतरी वेळा फिट यायची. कोणतेच औषध पुरे पडेना, तेव्हा त्या वॉर्डातल्या डॉक्टरांनी माझे जेवण बदलले. भात, पाव, बटाटा, साखर बंद. लोणी, साय, तेल, अंडी सुरू, तीही मोजून. आई शाळेची पायरी न चढलेली, पण काट्यावरचे आकडे ती डोळ्यांत तेल घालून बघायची. ताटाला लागलेले लोणीसुद्धा हिशेबातले, म्हणून मी ताट बोटाने पुसून चाटायची. शाळेत कोणी पावाचा तुकडा दिला तर तो मुठीत धरून घरी आणायची आणि आईला दाखवायची, खाल्ला नाही म्हणून. हळूहळू फिट थांबल्या. पुढे औषधेही कमी झाली, पण ती डॉक्टरांनी रक्त तपासून, एकेक करून कमी केली. लोण्याने मला वाचवले हे मी कधीच नाकारणार नाही. पण ते लोणी एकटे नव्हते. बाजूला काटा होता आणि डॉक्टर होते.

कलम ४. मामाच्या लोणी-अंड्यांच्या दुकानाच्या बोर्डावर शाळेच्या गणवेशातला माझा फोटो आहे. खाली लिहिले आहे : 'औषध सोडलं, लोणी धरलं, फिट पळाली!' तो फोटो माझा आहे आणि मी तो कोणालाही देत नाही. तो बोर्ड उतरवावा.

गेल्या वर्षी फिट पुन्हा सुरू झाल्या. तेव्हा मी दुकानात जाऊन म्हणाले, "मामा, आता खाली तेही लिही."

"अगं, बोर्डावर एवढी जागा कुठंय?" मामा म्हणाला.

आणि दुकानातली गिऱ्हाइके हसली. मामा वाईट माणूस नाही. आईच्या आजारपणात तो इस्पितळाच्या व्हरांड्यात फरशीवर झोपला आहे. म्हणूनच त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

कलम ५. माझी पुस्तके केंद्रात माझ्या जागी जी सहकारी येईल तिला. त्यांच्याबरोबर पुढचा मजकूरही तिने वाचावा.

वडिलांना डायबेटिस निघाला तेव्हा मी नवी नवी पदवीधर होते. सरकारी आहाराचा तक्ता आणून मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला. वडील लिफ्ट दुरुस्त करतात. सूचना पाळणे हे त्यांच्या हाडात आहे. तक्त्यात होते तेवढे धान्य त्यांनी इमानाने खाल्ले. साखर चढत गेली. "तुझ्या सरकारी ताटानं मला वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं, डिग्रीवाली," ते म्हणाले. खोटे नव्हते. मी केंद्रातल्या माझ्या वरिष्ठांना विचारले, "मॅडम, साखरवाल्या माणसाला एवढा भात-पाव कसा सांगायचा?" त्या म्हणाल्या, "तक्ता वरून येतो गं. आपण फक्त चिकटवायचा."

मग वडील मामाकडे गेले. भात-पाव सोडला, अंडी-लोणी धरले. पोट उतरले, साखरही उतरली. मला खरेच आनंद झाला. आमच्या केंद्रातल्या डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, "छान झालं की! या म्हणावं, आता गोळ्या कमी करू." पण वडील गेलेच नाहीत. गोळ्या आणि इन्सुलिन त्यांनी एका संध्याकाळी कचऱ्यात टाकले. मी ओरडले, तेव्हा म्हणाले, "तू नाही का औषधाशिवाय मोठी झालीस? सगळ्या गावानं बघितलंय बोर्डावर."

मी औषधाशिवाय मोठी झाले नाही, बाबा.

माझ्या जागी येणाऱ्या मुलीने एवढे लक्षात ठेवावे की भिंतीवरचा तक्ता आणि मामाचा बोर्ड दोन्ही माझ्या वडिलांना न बघता छापलेले होते.

कलम ६. साखर मोजायचे यंत्र धाकटीला. तिने रोज वडिलांचे बोट टोचावे. ते ओरडतील, तिने ऐकू नये.

लिफ्टच्या मशीनरूममध्ये एक खिळा वडिलांच्या उजव्या बुटातून आरपार गेला आणि साखरेने बधिर झालेल्या पायाला ते कळलेही नाही. बूट काढला तेव्हा आत रक्त. तेव्हापासून ते घरातही मोजे घालून वावरतात. उजवा मोजा ते स्वतः धुतात. वास येतो, तो साबणाने जात नाही. साखर पुन्हा चढली आहे हे मला त्यांच्या रात्रभर पाणी पिण्यावरून कळते. मी रडले. अबोला धरला. पाया पडायला वाकले, तर त्यांनी उजवा पाय मागे घेतला. डॉक्टरीणबाई सांगतात, "पाय बघितल्याशिवाय मी काय करू? पण उशीर झाला तर आधी पाय जाईल, मग माणूस." वडील म्हणतात, "आधी म्हणाले भात खा, आता म्हणतील पाय काढा. जा म्हणावं!" आई नाही. गुरुवारनंतर कदाचित मीही नसेन. मग धाकटीचे कोण आहे?

कलम ७. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने मला मृत्युपत्राची रीत सांगितली. "साक्षीदार दोन. तुम्ही सही करताना दोघंही समोर हवेत. ज्याला काही ठेवताय त्याला साक्षीदार करू नका, त्याचं मिळालेलं रद्द होतं. आणि बाई, माणूस तुमच्यामागे हयात राहील असा बघा. उद्या कोर्टात उभं राहून सांगायला तोच लागतो."

मी घरी येईपर्यंत त्याच एका वाक्याचा विचार करत होते.

बाबा, म्हणून तुम्हाला काही ठेवले नाही. तुम्हाला साक्षीदार केले आहे. धाकटीच्या खोल्यांवर उद्या कोणी हक्क सांगितला तर 'ही सही माझ्या मुलीची आहे' हे सांगायला तुम्ही लागाल. तुमच्याबरोबर डॉक्टरीणबाई साक्षीदार आहेत. आज संध्याकाळी त्या चहाला येणार आहेत असे मी तुम्हाला सांगितले आहे. त्या चहाला येणार नाहीत.

लिफ्टमधल्या तपासणीच्या कार्डावर तुम्ही स्वतः वर चढून बघितल्याशिवाय कधी सही केली नाही. साहेब खाली खोळंबले तरी केली नाही. आणि लिफ्ट बिनतक्रार चालते म्हणून तुम्ही कधी तिचा ब्रेक काढून ठेवल्याचे मी ऐकले नाही. लोणी खा, अंडी खा, माझा तक्ता फाडून टाका, मी काही म्हणणार नाही. पण या कागदावर न तपासता सही करू नका. आधी मोजा काढा, डॉक्टरीणबाईंना पाय दाखवा. तुमची सही झाली नाही तर हे मृत्युपत्र कच्चे राहील आणि मी तशीच ऑपरेशनला जाईन.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे. खाडाखोड नाही. एका ठिकाणी शाई फुटली आहे, ते पाणी आहे.

ठिकाण : आमची पुढची खोली, खिडकीजवळची खाट
दिनांक : ऑपरेशनच्या आधीचा सोमवार, संध्याकाळ
लिहून देणार : थोरली मुलगी (सही)

साक्षीदार १ : आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर (सही)

साक्षीदार २ : मुलीचे वडील, लिफ्ट मेकॅनिक. उजवा पाय दाखवला. उद्या सकाळी दाखल व्हायचे ठरले. तपासून मग सही केली. (सही)