कुरडयांवरची काळी पूड

अहो,

गच्चीवरच्या कुरडयांवर रोज पडणारी काळी पूड शेजारच्या सरोजजींच्या तंदूरची, असं तुम्ही ठासून सांगितलंत. म्हणून मी त्यांच्याशी अबोला धरला.

आज सहज तुमच्या टेबलावरचं लोहचुंबक त्या पुडीवर फिरवलं, तर ती सगळी मिशीसारखी त्याला चिकटली! सरोजजींकडे तंदूरची राख मागायला गेले, तेव्हा बोलावंच लागलं. राखेचा एक कणही हलला नाही. मग हे लोखंड घरामागच्या ओतकामाच्या फाउंड्रीतूनच येतंय ना?

आम्ही दोघी चुंबक आणि कुरडयांचं ताट घेऊन फाउंड्रीच्या मालकाला विचारायला निघालोय. तुम्ही लॅबमधून आलात की जेवून घ्या. रोट्या झाकून ठेवल्यात. त्याच तंदूरच्या आहेत.

– कांचन