परीक्षेतला दुसरा माणूस

खांदा कॉलनी, नवीन पनवेल

आदरणीय वन्सं यांस वसुंधराचा नमस्कार.

मोतीबिंदू काढल्यापासून आता सगळं लख्ख दिसतंय ना? थेंब वेळेवर घालत जा. इकडे माझं शिक्षण परवा अडलं, आणि अडवलं कोणी म्हणाल तर तुमच्या बंधूंनी. (हसू नका, सांगते.)

हे गेल्यावर मी नुसती बसून असायचे, म्हणून आभाने मला आयटीच्या दोन वर्षांच्या ऑनलाइन असोसिएट डिग्रीला घातलं. (लेकीने आईला शाळेत घालायचे दिवस आले.) बाकीचे पेपर सुटले, नेटवर्किंगचा शेवटचा राहिला. परीक्षा घरबसल्या, पण लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून आपल्यावर नजर असते आणि खोलीत दुसरं माणूस चालत नाही. मी कामवाल्या बाईंना सुट्टी दिली, शेजारच्या मनस्वीला बेल वाजवू नकोस म्हणून बजावलं, कुकरसुद्धा लावला नाही. पेपर सुरू होतो न होतो तोच पडद्यावर लाल पट्टी आली, दुसरा चेहरा आढळला म्हणून. मागे वळून बघते तर भिंतीवर हे, हार घालून, हसत.

पेपर रद्द. कॉलेजला चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, त्या गृहस्थांना खोलीबाहेर जायला सांगा. मी लिहिलं, ते माझे पती, तीन वर्षांपूर्वी वारले. तिकडून आधी सहानुभूती आली आणि पाठोपाठ सूचना, की पुढच्या वेळी त्यांना दुसऱ्या खोलीत बसवावं. हे मला उत्तरं सांगतील असा संशय, वन्सं. वायफाय बंद पडलं की राउटरला थापट्या मारणारा माणूस तो.

आता येत्या रविवारी एकच संधी आहे. ती हुकली तर अख्खं सत्र पुन्हा. आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही, आणि टेबल फिरवलं तर मागे खिडकी येऊन माझाच चेहरा काळा दिसतो. म्हणजे फोटोच काढायला हवा. साधी गोष्ट आहे. दोनदा स्टुलावर चढले आणि काच पुसून खाली उतरले. या घरातून त्यांना उचलून नेताना मी एकदा पाहिलंय. आता माझ्या हाताने ते होत नाही.

घरात सगळ्यांना माझी आठवण सांगा.

तुमची,
वसुंधरा

ता. क. शनिवारीच याल का? फोटो तुम्ही काढा. तुम्ही थोरल्या, तुम्ही ऊठ म्हटलं की ते मुकाट उठायचे.

ता. क. आणखी एक. त्यांना आत कपाटात ठेवू नका. आभाच्या दहावीला ते पेपर संपेपर्यंत शाळेच्या फाटकाबाहेर सरबताची बाटली घेऊन उभे होते. रविवारी दाराबाहेर खुर्चीवर बसवा, शेजारी तुम्ही बसा. पेपर कसा गेला, ते बाहेर आल्यावर पहिलं त्यांनाच सांगायचंय.